पारा किती?

३ मे

ही वही गार्गीताईने मला होळीच्या आधी दिली आणि पहिलं पान आज उघडून राहिली. आधी म्हटलं चांगला पेन घेऊ. पेन घेतला तर वहिनीने दूधवाल्याच्या हिशेबाला नेला. मग म्हटलं सोमवारपासून. सोमवार किती तरी आले. खरं म्हणजे लिहायला बसलं की मला कुठे तरी जावंसं वाटते. पायाला भिंगरी आहे, दुसरं काही नाही.

बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग इतवारीत साड्यांच्या दुकानात घड्या घातल्या, लग्नसराईत मेंदी काढली, एका जिममध्ये रिसेप्शनला बसली, पचमढीला हॉटेलात काम करून आली. हुडकेश्वरला दादाच्या घरी वरच्या खोलीत राहते. दादा म्हणतो, हिची नोकरी म्हणजे बसस्टॉप, उभी राहते अन् निघून जाते. हे काम मिळालं तेही स्कूटी आहे आणि उन्हाला भीत नाही म्हणून.

काम असं. गार्गीताई पाणमांजरांच्या अंगात पारा किती आहे ते मोजते. पारा म्हणजे जुन्या थर्मामीटरमधला, चकचकीत, विषारी. तो पाण्यातून मासळीत जातो आणि मासळीतून जो मासळी खाईल त्याच्यात. पाणमांजर जन्मभर मासळीच खाते, म्हणून तिलाच विचारायचं. पण मारायचं नाही, पकडायचंही नाही. फक्त केस घ्यायचे. केस वाढताना रक्तातला पारा त्यांच्यात जाऊन बसतो.

आधी गार्गीताई कोकणात डॉल्फिनचं हेच काम करायची. बोटीतून बोथट टोकाचा बाण मारायचा. तो खोडरबराएवढा चामडीचा आणि चरबीचा तुकडा घेऊन पाण्यावर तरंगतो, डॉल्फिन आपला पुढे जातो. मी विचारलं, त्याला लागत नाही? ती म्हणाली, मच्छर चावल्यासारखं होत असेल, त्याला विचारता आलं नाही. मी अजून समुद्र पाहिला नाही. ती बोलत होती तेव्हा मी मनातल्या मनात रत्नागिरीची गाडी पाहून राहिली होती.

पाणमांजराची लोळायची जागा ठरलेली असते. तिथे खुंटीला तारेचा ब्रश बांधायचा, अंग घासलं की केस अडकतात. ब्रश आणायला इतवारीत गेली. भांड्याच्या गल्लीतल्या दुकानदाराने विचारलं, काय घासायचं आहे? मी म्हटलं, पाणमांजर. त्याने शांतपणे बाटली घासायचा ब्रश काढून दिला. तोच बरोबर निघाला. येताना गल्लीत हातठेला आणि टेम्पो एकमेकांत अडकले होते, ते सुटतपर्यंत पाहत उभी राहिली. कोणीच मागे घेईना. अशा गोष्टी मला सोडवत नाहीत.

७ मे

सावरडोहला जाऊन आली. नदी तिथे वळते आणि खोल डोह आहे, मेमध्येही पाणी राहते. गावात मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं आहेत. आम्ही जयवंतामावशीच्या अंगणात गाडी लावतो. मावशी डोहातली मासळी बाजारात विकते. नवरा गेल्यापासून जाळंही तीच टाकते. पाणमांजराला ती हूद म्हणते आणि शिव्या देऊनच बोलते, कारण हूद जाळं फाडून मरळ नेते.

गार्गीताईने तिला केसांचं समजावून सांगितलं. मावशी सगळं ऐकून म्हणाली, "चोराचे केसं नेता. मले वाटलं चोराले नेता."

तिची वंदना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातवा लागला. माझ्याच वयाची, हसरी, गावभर फिरणारी. तिला आता फिरू देत नाहीत म्हणून मला घट्ट धरून बसते आणि पचमढीचं, हुडकेश्वरच्या घराचं विचारते. तिला मरळीचेच डोहाळे लागले आहेत. मावशी सगळ्यात मोठी मरळ बाजारात नेत नाही, वंदनासाठी ठेवते. मलाही तुकडा मिळाला. जवसाची चटणी आणि मरळीचा रस्सा, बस्स.

वंदनाने ब्रश हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "हे तं हुदाची फणी हाय."

मग तिने आपले केस सोडले आणि विंचरत बसली. केस गुडघ्यापर्यंत. फणीत जो गुंतवळ आला त्याचा गोळा करून तिने कुडाच्या बांबूत खोचला. तिथे असे खूप गोळे होते. गुंतवळ घेऊन स्टीलची वाटी देणारी बाई येते, तिच्यासाठी. मी विचारलं, किती गुंतवळाची एक वाटी? यावर आमचा अर्धा तास गेला आणि दुसरा ब्रश बांधायचा राहून गेला. गार्गीताई स्वतः जाऊन बांधून आली.

१२ मे

केस आले! राखाडी-तपकिरी, आखूड, ब्रशच्या तारांत अडकलेले. बाजूला वाळूवर लोळल्याचा ठसा आणि खवल्यांनी भरलेली विष्ठा. जनावर दिसलंच नाही आणि तरी आमच्या पिशवीत होतं. मी नाचली. गार्गीताई चिमट्याने एकेक केस कागदी पाकिटात टाकत होती आणि मला म्हणत होती, अगं, शिंकू नको.

परत येताना भाड्याच्या जीपमध्ये तिने डॉल्फिनचं सांगितलं. मादीच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेलं विष दुधातून पिल्लाला जातं. पहिल्या पिल्लाला सगळ्यात जास्त. पाऱ्याचं तर पोटातूनच सुरू होतं. तिने एका मादीला दोन वर्षं पाहिलं होतं, पहिलं पिल्लू घेऊन फिरायची, नंतर एकटी दिसली. हे सांगताना ती खिडकीबाहेर पाहत होती. मी पुढचं विचारणार होती, तेवढ्यात कुल्फीची गाडी दिसली.

केस लॅबला गेले. बाहेरगावची लॅब आहे, वेळ लागतो.

१७ मे

घोळ झाला. माझ्याच तोंडाने.

रोशन नावाचा मुलगा तालुक्याच्या बातम्यांचा यूट्यूब चॅनल चालवतो. नदीवर आम्हाला पाहून त्याने माझा नंबर घेतला होता. काल दुपारी त्याचा फोन आला. मी रसवंतीत उभी, तोंडाला ओढणी, डोकं भणभणून राहिलं होतं. तो म्हणाला, "ताई, पारा किती आला मंग?"

मेमध्ये आपल्या इकडे माणूस माणसाला भेटला की नमस्काराच्या आधी हेच विचारतो. समोर टीव्हीवर आकडा होता. मी म्हणाली, "पंचेचाळीस पॉइंट आठ. मरून राहिलो गा आम्ही."

तो म्हणाला, बाप रे, एवढा? मी म्हणाली, अजून वाढते म्हणतात. तो म्हणाला, थँक्यू ताई. मला वाटलं किती चांगला मुलगा आहे, उन्हाची विचारपूस करतो.

संध्याकाळी व्हिडिओ आला. 'सावरडोहच्या नदीत पारा ४५.८! पथकातील तरुणी म्हणते, आम्ही मरतोय! आकडा अजून वाढणार!' मागे माझा फोटो, हातात बाटलीचा ब्रश.

आधी मला हसू आलं, हे लिहून ठेवते. दादाही हसला. वहिनी म्हणाली, आता मासळी कोण घेईल तिथली? तेव्हा हसू गेलं.

२१ मे

सावरडोहच्या बाजारात मावशीच्या पाटीजवळ कोणी थांबून नाही राहिलं. लोक दुरूनच पाहतात आणि पुढे जातात. एकाने मोठ्याने विचारलं, काय भाव आहे पारा? त्याच्यामागे सगळी हसली. मावशी पाटीवर ओलं फडकं टाकून बसून होती, ऊन चढलं तसं उठून चालायला लागली. मी मागे मागे. सगळी मासळी घरी आली. काही वाळत घातली, बाकी घरातच शिजून राहिली आहे, दोन्ही वेळा. वंदना म्हणते, माझी मजा आहे.

मी मावशीला कसं झालं ते सांगितलं, उन्हाचा पारा आणि नदीचा पारा. तिला समजलं. ती म्हणाली, "मले समजून काय करू? बाजाराले समजाव."

गार्गीताई माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रोशनकडून तिने दुरुस्तीचा व्हिडिओ टाकून घेतला, तो कोणी पाहिला नाही. मला म्हणाली, कोणी विचारलं तर एकच वाक्य बोलायचं, आम्हाला अजून माहीत नाही. त्याच्या पुढे एक शब्द नाही, मागे एक शब्द नाही.

मी हे वाक्य चहाच्या टपरीवर वापरून पाहिलं. टपरीवाला म्हणाला, म्हणजे आहे. माहीत नाही म्हटलं की आपल्या लोकांना 'आहे' ऐकू येते. ह्या वाक्याने मासळी विकणार नाही.

२५ मे

मीच बिघडवलं, मीच नीट केलं. आज खूप बरं वाटून राहिलं.

रोशनला घेऊन सावरडोहला गेली. मावशीच्या अंगणात पाट टाकून बसली, मोठी मरळ शिजली होती, कॅमेऱ्यासमोर पोटभर खाल्ली. बाजूला वंदनाला बसवलं, तिच्याही ताटात वाढलं. मी म्हणाली, तो आकडा उन्हाचा होता, मासळीत काही नाही, पाहा, ही पोटुशी पोरगी रोज खाते आणि टुणटुणीत आहे. वंदना लाजून हसली. हे हसणंच चाललं असं रोशन म्हणतो. व्हिडिओ तालुक्याच्या बाहेर गेला. जुन्या आकड्यावर हसत हसत लोकांनी तो एकमेकांना पाठवला.

आज पाटी रिकामी झाली. मावशीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पानात बांधून मरळ दिली. इतक्या नोकऱ्या केल्या, असा हात कोणी ठेवला नव्हता.

गार्गीताईला सांगितलं नाही. सरप्राइज.

३० मे

गार्गीताई दोन दिवसांपासून आपल्या खोलीचं दार लावून फोनवर असते. व्हिडिओ तिने पाहिला. एवढंच विचारलं, वंदनाला कितवा महिना आहे? मी म्हणाली, सातवा संपत आला. ती परत आत गेली. राग आला असेल, विचारलं नाही म्हणून. मोठ्या शिकलेल्या लोकांना आपण काही नीट केलं की आवडत नाही. पचमढीच्या हॉटेलातली दोस्त गोव्यात काम आहे म्हणते. समुद्र. ये म्हणते.

२ जून

राग नव्हता. रिपोर्ट आला होता, आणि तिने लॅबला दुसऱ्यांदा मोजायला लावलं होतं. दोन्ही वेळा तेच आलं.

आकडा तिने दाखवला. मी तो इथे लिहीत नाही, माझ्या हातून आधीच एक आकडा सुटला आहे. पंचेचाळीस नाही, कुठेच नाही. पण पाणमांजराच्या केसात जेवढा असायला पाहिजे त्याच्या कितीतरी पट आहे. मी विचारलं, कुठून आला? ती म्हणाली, ते केस सांगत नाहीत. केस फक्त सांगतात की आला.

मग तिने कागदावर डोह काढला. छोट्या मासळीत थोडा, तिला खाणाऱ्या मोठीत जास्त, मोठी खाणाऱ्या मरळीत सगळ्यात जास्त. हूद मरळ खाते. मी कागदाकडे पाहत होती आणि मला पाट दिसून राहिला होता, दोन ताटं.

मी म्हणाली, वंदना.

ती म्हणाली, "माणसांचं आपण मोजलेलंच नाही, काजल. पाणमांजर फक्त मासळी खातं, वंदना भाकरीही खाते. कदाचित काही नसेल. असेल तर मरळ आजपासून बंद केली की उरलेल्या दिवसांत फरक पडतो. तिचे थोडे केस मिळाले तर कळेल. सुई नाही, रक्त नाही."

आरोग्य विभागाला तिने पत्र दिलं आहे, ते लोक येतील तेव्हा येतील. तिने विचारलं, तू सांगशील का? मी सांगू शकते, पण तुझं तिथे ऐकतात.

माझं ऐकतात. हेच तर झालं.

मीही त्या मासळीची तीन-चार जेवणं केली. पण मला काही होणार नाही, मी एकटी आहे.

५ जून

गेली. वाटेत तीनदा गाडी थांबवली. एकदा पंक्चर नसताना पंक्चरवाल्याकडे.

मावशी जाळं शिवत होती. मी सगळं सांगितलं, पायरी पायरीने, गार्गीताईसारखा वाळूत डोह काढून. पूर्ण बंद करू नका, झिंगे चालतात, बारीक मासळी चालते, मरळ नको, पोटुशीला आणि लहान पोरांना तर नकोच. मावशीने एकदाही तोडलं नाही. झाल्यावर दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली,

"एकदा पंचेचाळीस म्हनली. मंग म्हनली काहीच नाई. आता म्हनते हाय, पन पंचेचाळीस नाई. तू एकदा बसून ठरव वं काजल. मंग ये."

मी म्हणाली, मावशी, दुसऱ्यांदा मी खोटं बोलली. पहिल्यांदा चूक होती, दुसऱ्यांदा मला माहीत नव्हतं आणि माहीत आहे म्हटलं.

"माह्या पोरीले बाजूले बसवून म्हनलं."

तरी मी केसांचं विचारलं. थोडेसेच, मुळाजवळून कापून, दिसणारही नाहीत. तिथे मावशी उठली. तिचा आवाज चढला नाही.

"पोटुशीच्या केसाले कैची लागत नाई आमच्यात. हुदाचे नेले, आता माह्या पोरीचे नेतं? जाय तू."

वंदना दारात उभी होती, फणी केसात तशीच अडकलेली, हात थांबलेला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान खाली घातली आणि आत गेली. चुलीवर काही तरी शिजून राहिलं होतं. वासावरून मला कळलं काय ते.

गार्गीताईला फोन केला. म्हटलं, केस मिळाले नाहीत. ती म्हणाली, जबरदस्ती करायची नसते, जनावरावर नाही केली तर बाईवर कशी करू?

९ जून

बॅग भरली. उद्याची गाडी आहे. दोस्त म्हणते, खोलीतून समुद्र दिसतो. दादाला सांगितलं तर म्हणाला, आला का स्टॉप? वहिनीने डब्यासाठी पीठ मळायला घेतलं.

मी का जाऊन राहिली हे लिहायला बसली तर लिहिता येत नाही. गार्गीताईला दुसरी मुलगी मिळेल, माझ्यापेक्षा कमी बोलणारी. सावरडोहला माझं तोंड नको आहे. मावशीचं बरोबर आहे. मी पोरीला कॅमेऱ्यासमोर बसवलं, जसं बाजूला गठुडं ठेवावं तसं, आणि ती हसली म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. गेल्या चार दिवसांत मी एकदाच नीट झोपली आणि त्यात डोह होता, आणि एक मादी पिल्लू घेऊन फिरत होती. डॉल्फिन की हूद ते कळलं नाही. गार्गीताईला त्या दिवशी पुढचं विचारलं असतं तर? कुल्फी पिस्त्याची होती बहुतेक. ती पण धड आठवत नाही.

बाहेर ऊन असं आहे की रस्त्यावर कुत्रंही नाही. खाली टीव्हीवर कोणी तरी आजचा पारा सांगून राहिलं आहे.

फाटक वाजलं. वहिनी कोणाशी तरी बोलते आहे. पाणी दिलं वाटते. आता पायऱ्यांशी येऊन मला हाक मारते आहे.

"काजल, खाली ये वं. सावरडोहून कोणी वंदना आली हाय. भरल्या पोटाची पोट्टी, एकटी, बसनं. बस म्हटलं तं बसत नाई. म्हणते, माय बाजाराले गेली, मले शेवटच्या बसनं परत जाचं हाय. हातात फणी हाय तिच्या अन् पिशवीत हा एवढा गुंतवळ. काजलले सांगा म्हणते, कैची नाई लागली."